राणीची फणी आणि न झालेली सही

पेटीचं झाकण सताड उघडं होतं आणि फणी गायब होती.

जेवून वर आलेल्या रखवालदारानं पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. राणीची हस्तिदंती फणी जिथे असायची, तिथे नुसती मखमल. तो धडपडत जिना उतरला आणि थेट व्यवस्थापकाच्या खोलीत शिरला.

लगेच किल्ल्याचा दरवाजा बंद झाला. सहलीची बस आवारात अडकली. आणि त्या सहलीच्या गाईडबाई व्यवस्थापकासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हणायचं सौजन्य त्यानं दाखवलं नाही.

त्याचं म्हणणं सोपं होतं. पेटीची किल्ली त्याच्या दाराजवळच्या खिळ्याला असते. सकाळी तिकिटं घ्यायला बाई त्या दारातून आत आल्या होत्या. आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली असताना, त्या एकट्या वर गेल्या होत्या.

"तुम्हीच सांगितलंत ना, वर कुणाची तरी काठी राहिलीय म्हणून?" गाईडबाई म्हणाल्या.

"मी? छे."

वर काठी नव्हतीच. बाई हात हलवत परत आल्या होत्या, आणि तेच आता अंगाशी आलं होतं.

व्यवस्थापकानं एक कागद पुढे सरकवला. माझ्या निष्काळजीपणामुळे फणी गेली, मी गाईडचा परवाना परत करते, असा मजकूर. सही केली तर पोलीस नाहीत, बोभाटा नाही. किल्ल्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, असंही तो म्हणाला.

या किल्ल्यात बाईंची निम्मी हयात गेली होती. परवाना गेला की दुसऱ्या कुठल्या दारात कुणी उभं करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी कागद तसाच परत ढकलला.

"सही करणार नाही. बोलवा पोलीस."

"बाई, तुमच्या भल्याचं सांगतोय."

"माझं भलं मी बघते."

तेवढ्यात दार न वाजवता एक उंच बाई आत आली. ही गाईडबाईंची नणंद. गुन्हे शाखेतून नुकतीच निवृत्त झालेली. घरात बसून सगळ्यांची उलटतपासणी घेते म्हणून धाकट्या भावानं, म्हणजे गाईडबाईंच्या नवऱ्यानं, तिला आज बळेच बसमध्ये चढवलं होतं.

"ह्या तुमच्या नणंद ना? मग काय, वहिनीची बाजू घेणारच," व्यवस्थापक हसला.

"नणंदेनं भावजयीची बाजू घेतलेली कधी बघितलीत?" नणंद म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "तुम्ही इथे कधीपासून?"

"यंदाच्या उन्हाळ्यापासून."

"वरच्या खोल्या बघितल्यात?"

"मला कार्यालयातून मान वर करायला वेळ नाही हो. ते दाखवणं गाईडचं काम."

"आणि पुढच्या आठवड्यात राणीची खोली बंद का आहे? फाटकावर पाटी वाचली."

"तज्ज्ञ येतायत. एकेक वस्तू तपासणार आहेत. त्याआधीच हिनं डल्ला मारला."

नणंदेनं रखवालदाराला आणि भावजयीला बाहेर नेलं. रखवालदार इथला जुना माणूस. फणी शेवटची नीट कधी पाहिलीस, या प्रश्नावर तो ओशाळला. त्याची खुर्ची पेटीजवळच असते, पण तो दिवसभर बघतो ते लोकांचे हात. कोण कुठे बोट लावतंय एवढंच. पेटीत काहीतरी आहे ना, तेवढं पुरे.

"आणि तू?" नणंदेनं भावजयीला विचारलं.

"ताई, मी लोकांकडे तोंड करून बोलते. फणी कायम माझ्या पाठीशी."

आवारात बसमधले प्रवासी वैतागले होते. सगळ्यांत जास्त मास्तर. हे निवृत्त शिक्षक सकाळपासून गाईडबाईंच्या चुका काढत होते. सन चुकला, वंशावळ चुकली, एक ना दोन. नणंद जवळ जाताच त्यांनी तक्रार सुरू केली. ही गाईड वाट्टेल ते ठोकून देते. राणीच्या खोलीत काय म्हणाली? साफसफाई करताना फणीचा कडेचा एक दात तुटला, राणीनं जपलं ते आपण तोडलं. लोक हसले. मास्तरांनी मात्र जवळ जाऊन पाहिलं होतं.

"एकही दात तुटलेला नाही. सहल कंपनीला तक्रार पाठवणार आहे, म्हणून फोटोच काढून ठेवलाय."

सकाळी वर हे बोलणं नणंदेनंही ऐकलं होतं. तिला चष्मा सापडला नव्हता, म्हणून पेटीत डोकावली नव्हती. आता तिनं चष्मा शोधून फोटो मोठा करून पाहिला. दातांची ओळ अखंड होती. तिनं मास्तरांचे आभार मानले. ते सवयीचं नसल्यानं मास्तर गोंधळले.

मग तिनं भावाला फोन केला. आई गेल्या वर्षी किल्ला बघायला आली होती. त्या पेटीशेजारचा तिचा फोटो पाठव, आत्ता, जेवण राहू दे. तिकीटखिडकीवरून तिनं फणीचं चित्रकार्डही विकत घेतलं, आणि मास्तरांसकट सगळ्यांना व्यवस्थापकाच्या खोलीत नेलं.

तिन्ही चित्रं टेबलावर मांडून ती म्हणाली, "हे कार्ड जुनं, दात तुटण्याआधीचं. फणी अखंड. हा माझ्या आईचा गेल्या वर्षीचा फोटो. कडेचा दात तुटलेला. आणि हा मास्तरांचा, आज सकाळचा. दात पुन्हा जागेवर. हस्तिदंताला दात फुटत नाहीत. म्हणजे आज पेटीत होती ती नक्कल. अस्सल फणी कधीच गेलीय."

"म्हणजे आज नक्कल चोरली?" रखवालदारानं विचारलं. "कशाला?"

"तज्ज्ञांच्या हाती लागू नये म्हणून. त्यांनी एका नजरेत ओळखली असती. चोरी झाली की तपासायलाच काही उरत नाही, आणि खापर फोडायला गाईड आहेच. आता नक्कल कुणी करवली? रखवालदारानं करवली असती तर दात तुटलेलाच केला असता, तो इथे जन्मभर आहे. हिनं तर नक्कीच. ती रोज त्या दातावर लोकांना हसवते. अखंड फणी तोच करवून घेईल, ज्यानं नमुना म्हणून खालचं कार्ड दिलं. ज्यानं वर जाऊन एकदाही माहिती ऐकली नाही. आणि ज्याच्या हाताशी किल्ली आहे."

व्यवस्थापक उसनं हसला. "फणी बदलताना तुटलेला दात मला दिसला नसता?"

"दिसला असणार. पण तोवर नक्कल तयार होती. तिचा दात मोडला असता तर आतलं पांढरं प्लास्टिक उघडं पडलं असतं. तुम्ही विचार केलात, कोण बघतंय? गाईडची पाठ, रखवालदाराची नजर हातांवर. मास्तरांसारखा खवट माणूस येईल, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही."

मास्तर ताठ झाले. हे कौतुक आहे की काय, ते त्यांना ठरवता येईना.

"वर काठी राहिलीय, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि त्या खुंटीवरच्या तुमच्या कोटाकडे इतकं बघू नका, नक्कल त्यातच असणार. मला झडती घ्यायचा अधिकार राहिलेला नाही, पोलिसांना आहे."

व्यवस्थापक मटकन खाली बसला. मग नणंदेला सोडून तो गाईडबाईंशी बोलू लागला, अगदी हळू आवाजात. अस्सल फणी परत आणता येईल. थोडे दिवस द्या. हा कागद आत्ता फाडतो. परवाना कायमचा, राणीची खोली फक्त तुमच्याकडे. किल्ल्याचं नाव जाऊ नये, एवढंच. माझ्या जागी येणारा अधिकारी तुम्हाला ठेवेलच, याची काय खात्री?

ते खोटं नव्हतं. बोभाटा झाला की पहिली कुऱ्हाड कुणावर पडते, हे बाईंनाही कळत होतं. त्यांनी नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं मान हलवली नाही, खूणही केली नाही. हा निर्णय तिचा नव्हता.

गाईडबाईंना संताप आला. आयुष्यभर लोकांना या खोल्या दाखवल्या, आणि हा माणूस आपल्याला चोर ठरवून वर उपकार करायला निघाला होता. त्यांनी टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि पोलिसांचा नंबर फिरवला.

पलीकडून विचारलं, कोण बोलतंय.

"किल्ल्यातून बोलतेय," बाई म्हणाल्या. आवाज जिन्यापर्यंत जाईल एवढा मोठा होता. "मी इथली गाईड आहे. हो, अजूनही."