आतली कडी

त्या दिवशी मी चामोर्शीच्या बाजारात खिळे आणायला गेलो होतो. घर घेतलं होतं. जन्मातलं पहिलं, आणि तेही केस पांढरे झाल्यावर. मालगुजारी गेली, गावांवरची मालगुजारांची मालकी संपली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तोवर मी आणि माझी बायको कुंता थोरल्या भावाच्या ओसरीत लुगड्याचा पडदा लावून राहत होतो. आम्हाला मूलबाळ झालं नाही, म्हणून खोलीही मिळाली नाही. "दोघाले काय करायची खोली?" असं वहिनी म्हणायची. घरात बारसं असलं की ती कुंताला तळ्यावर भांडी घासायला पाठवायची, सगळं आटोपेपर्यंत.

घर तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी होतं. गावातल्याच म्हाताऱ्या इस्तारीनं ते आम्हाला विकलं आणि तो ब्रह्मपुरीला मुलाकडे निघाला. बंडीत सामान भरता भरता मला म्हणाला, "लटारू, मधल्या खोलीची कडी भायेरच राहू दे."

"काऊन भाऊ?"

"मांजर जाते आत." हे बोलताना तो माझ्याकडे नाही, बैलांकडे पाहत होता.

मग आम्ही कामाला लागलो. पाऊस यायच्या आत मी छपराचे कवेलू उतरवून फेरले, फुटके बदलले. उंदरांची बिळं गोटे ठासून बुजवली. कुंतानं जुनी चूल फोडून नवी घातली, भिंतींना पांढरी माती दिली. शेजारची शकुबाई कुंपणावरून बघत उभी राहायची.

"मालकीन झाली बाप्पा कुंता! आता विस्तव मागाले येशीन का नाई?"

"येईन ना वो बाई. तुह्या घरचा विस्तव नाई आनला त माही चूल रुसन."

कुंताला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो. काय हवं नको विचारलं, तर म्हणाली, "मले एकच पायजे जी. आतून कडी लागन असं एक दार."

म्हणून ते खिळे. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दार सागाचं, जाड, आणि कडी फक्त बाहेरून. मी ती उपटली. आतल्या बाजूला ठोकायला दार फिरवलं, तेव्हा फळीवर खाली एक डाग दिसला. माणूस दाराला टेकून बसलं तर डोकं जिथं येईल, नेमका तिथं. लाकूड तेवढ्या जागी काळं, तुळतुळीत झालं होतं. हात लावला तर बोटांना टोरीच्या तेलाचा वास आला. मोहाच्या बियांचं ते तेल गरिबाघरच्या बायका डोक्याला लावतात. कोणी तिथं फार दिवस बसत असलं पाहिजे, एवढंच मनात आलं.

कडी ठोकून झाल्यावर कुंता आत गेली. लावली, काढली, पुन्हा लावली. आतून ओरडली, "आता मी या म्हनल्याबिगर येऊ नका बरं!"

"बरं बाई," मी म्हणालो.

चार दिवस सुखात गेले. एका संध्याकाळी वावरातून आलो, तर मधलं दार आतून लावलेलं. कुंता असेल म्हणून मी ओसरीत बसलो. आत बांगड्या हळूच वाजत होत्या. मी हाक मारली. बांगड्या थांबल्या.

आणि समोरून, तळ्याच्या वाटेनं, डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन कुंता आली.

आम्ही दोघं दारापाशी उभे राहिलो. ती मला धरून होती. थोड्या वेळानं कडी सरकल्याचा आवाज झाला... अगदी सावकाश... आणि दार बोटभर उघडलं. आत कोणी नव्हतं. टोरीच्या तेलाचा वास मात्र भरून राहिला होता.

आम्ही तसेच शकुबाईकडे गेलो. कुंतानं तिचा हात धरला, तेव्हा ती बोलली. "इस्तारीची सून होती, देवका. पोट पिकत नोयतं तिचं. घरात शुभ कारन असलं का तिची सावली नको म्हनून कोंडत. पयले सनावाराले, मंग रोजच. दिवेलागनीले आत, उजाडल्यावर भायेर. एका सकाळी कडी काढली त दारच उघडेना. दाराले टेकून बसली होती. आंग थंडगार पडलं होतं."

घरी येऊन मी हातोडी घेतली. "कडी भायेरून लावतो," म्हणालो.

कुंता दाराला पाठ लावून उभी राहिली. "तुमी भायेरून कडी लावसान त मी या घरात राहत नाई. तिनं जलमात कधी हातानं कडी लावली नाई जी. लावू द्या."

"अन् तू?"

"मी बी कुठी लावली होती?"

भावाच्या ओसरीत परत जायचं तोंड आम्हाला नव्हतं. हे घर सोडलं तर कुंताला दुसरं मिळणार नव्हतं. मी हातोडी ठेवून दिली.

त्यानंतर कुंता दिवेलागणीला त्या खोलीत जाऊन बसू लागली. आतून कडी लावायची. मी ओसरीत जाळं विणत बसायचो. आत कुजबुज चालायची. कुंताचा आवाज मला कळायचा. दुसरा फार खालच्या पट्टीतला, पुष्कळ दिवस न वापरल्यासारखा. कधी दोघी हसायच्या. कुंता बाहेर यायची तेव्हा तिची वेणी नव्यानं घातलेली असायची. घट्ट, वरपासून खालपर्यंत सारखी. आपल्या हातानं आपल्या पाठीमागं अशी वेणी पडत नाही.

"कोनं घातली गं?"

ती माझ्याकडे पाहायची आणि ताट वाढायला घ्यायची. तिच्या केसांना टोरीचा वास यायचा. आमच्या घरात ते तेल नव्हतं.

रोज ती थोडी उशिरा बाहेर यायची. बाहेर आली तरी कान आतच असायचे. एकदा मी म्हणालो, "कुंता, मी बी एकटाच असतो ओसरीत." तिला वाईट वाटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बोलावन मी तुमाले. थांबा ना थोडसे."

मग एक दिवस ती बाहेर आलीच नाही. मी दारापाशी बसून राहिलो. उजाडल्यावर हाका मारल्या, मग गावातली माणसं आणून कडी तोडली. तरी दार जड लागत होतं... कुंता दाराला टेकून बसली होती. वेणी घातलेली होती. चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती, आणि तेच मला अजून सोसत नाही. मी तिला कधी कोंडलं नव्हतं. तरी शेवटी बाहेरचा मीच ठरलो.

ते दार मी तिच्याबरोबर जाळलं. नवं दार केलं, त्याला कडी आतूनही नाही, बाहेरूनही नाही. तरी दिवेलागणीला ते लोटलं जातं आणि उजाडेपर्यंत उघडत नाही. घर माझं आहे, मी ओसरीत झोपतो. गेल्या दिवाळीला दार पुसताना आतल्या बाजूला खाली दोन डाग दिसले. काळे, तुळतुळीत, एकमेकांना लागून. मी ते पुसले नाहीत.

काल दिवे लावले, आणि आतून हाक आली. "या."

इतके दिवस मी तेवढीच हाक ऐकायला बसलो होतो. पण आवाज कुंताचा नव्हता.

मी उठलो नाही. आज सकाळी दार उघडून पाहिलं. ते दोन डाग एकमेकांपासून सरकले आहेत. मध्ये एका माणसाला टेकून बसता येईल, एवढी जागा आहे.