खिडकीकडची जागा

स्वस्त विमानाने लांबचा प्रवास करणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. तो कांद्यासारखा दिसतो. बॅगेच्या वजनावर काउंटरवरच्या बाईंची करडी नजर असते, काटा जरा पुढे सरकला की जादा पैसे. पण अंगावरच्या कपड्यांचं वजन करण्याची बुद्धी अजून कुठल्या कंपनीला झालेली नाही. म्हणून परदेशात राबणारी माणसं घरी जाताना शर्टावर शर्ट, त्यावर जाकीट असं काय काय चढवून, घाम पुसत रांगेत उभी असतात. त्या रात्री शीतगृहातला एक कामगार असाच उभा होता. अंगात शर्ट, त्यावर पिवळ्या पट्ट्यांचा लाल स्वेटर आणि सगळ्यांवर एक जाडजूड तपकिरी कोट. स्वेटर त्याचा स्वतःचा होता, कोट मात्र दुसऱ्याचा.

कोट कुडकुडेचा. हे काही त्याचं आडनाव नव्हे, खोलीतल्या मंडळींनी ठेवलेलं नाव. शीतगृहात गारठलेली खोकी सगळेच उचलत, पण बाहेर आल्यावर इतरांच्या अंगात ऊब परतायची, याच्या अंगात कधी परतलीच नाही. भर उन्हात हा कोट घालून, बगलेत हात खुपसून, एक पाय हलवत बसायचा. एका बहिणीशिवाय त्याला मागेपुढे कोणी नव्हतं. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो उठलाच नाही. त्याचं सगळं तिकडेच उरकलं, आणि कोट बहिणीला पोहोचवायचं काम शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या या कामगाराकडे आलं.

याच्या डोक्यात मात्र दुसरीच काळजी होती. तो परदेशी गेला तेव्हा लेक पोटात होती. आता ती बालवाडीत जात होती, आणि त्याने तिला एकदाही उचलून घेतलेलं नव्हतं. बाप तिला फोनवरच भेटला. खोलीतला दिवा मिणमिणता, नेटवर्क त्याहून मिणमिणतं, त्यामुळे चेहरा कधी धड दिसायचाच नाही. दिसायचा तो बायकोने विणून पाठवलेला स्वेटर. रोज रात्री लेक फोनच्या काचेवर बोट ठेवून त्याचे पट्टे मोजायची, “एक पिवळा... दोन पिवळा...” आणि मोजता मोजता झोपायची. मागून कुडकुडे डोकावायचा. “मला दाखव ना रे जरा. हात करू दे तिला.” तेव्हा ती ओरडायची, “कोटवाले काका!” कुडकुडेचं तोंड एवढंसं व्हायचं, पण हात हलवत राहायचा बिचारा.

“पोरगी कुणाकडे म्हणून जात नाही हं,” बायकोने कालच बजावलं होतं. “तुम्हाला ओळखो न ओळखो, स्वेटरला ओळखेल. उतरताना कोट काढून हातात घ्या, म्हणजे झालं.”

विमान अर्ध्या रात्री सुटलं. जागा निवडायचे पैसे भरले नव्हते, म्हणून मधली जागा वाट्याला आली. पाठ मागे जात नव्हती, गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. वाटेकडच्या जागेवर एक धिप्पाड विक्रेता मानेला उशी अडकवून लगेच घोरायला लागला. खिडकीकडची जागा मात्र रिकामीच राहिली. तिथे सरकावं असा विचार याच्या मनात आला होता, पण रात्रपाळी संपवून तो तसाच विमानतळावर आला होता. पट्टा सोडण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं. दिवे मालवले गेले. शिळ्या कॉफीचा, पायमोज्यांचा वास आणि इंजिनाची एकसुरी घरघर, यात त्याचा कधी डोळा लागला ते त्यालाच कळलं नाही.

जाग आली ती सीटच्या हादऱ्यांनी.

खिडकीकडे कुणीतरी बसलं होतं. चेहरा काचेकडे, अंगात पातळ सदरा, हात बगलेत. त्याचा एक पाय सारखा हलत होता. आपण झोपलो असताना हा आपल्याला आणि त्या विक्रेत्याला ओलांडून आत गेला असणार, असं कामगाराने डोळे चोळत ठरवून टाकलं. थकलेला माणूस कसलाही हिशेब जुळवून घेतो. तेवढ्यात त्याच्या नाकात ओल्या पुठ्ठ्याचा वास शिरला. शीतगृहाचा वास. तो आपल्याच हातांना येत असेल, असं म्हणून त्याने तेही सोडून दिलं.

“थंडी... फार थंडी आहे हो,” काचेकडूनच आवाज आला. घोगरा, पण आपल्याच भाषेतला. कामगाराला तेवढंही बरं वाटलं.

“पांघरूण मागवू का? पैसे घेतात, पण देतात.”

“त्याने नाही भागायचं... कोट द्या ना. जरासा.”

कामगाराने कोटाची कॉलर धरली. त्याला द्यावासा वाटला, खोटं कशाला बोला. पण तो जुन्या वळणाचा माणूस होता. सोपवलेली वस्तू तो स्वतःच्या भावालाही देणार नाही. “रागावू नका हं,” तो म्हणाला. “हा माझा नाही. दुसऱ्याची ठेव आहे. ज्याची त्याच्या घरी पोहोचवायची आहे.”

पाय हलायचा थांबला. 

“असू दे,” काचेकडून आवाज आला. “मग तुमचं द्या... जे तुमचं असेल ते.”

कामगाराला भरून आलं. हा कोण कुठला, त्याच्यासारखाच घरी निघालेला, आणि दात वाजतायत. त्याने अवघडून, कोपरं विक्रेत्याला लागू न देता, कोट उतरवला, स्वेटर काढला आणि पुन्हा कोट चढवला. “उतरताना आठवणीने परत द्या बरं का. लेक त्यावरूनच ओळखणार आहे मला.”

“हो... ओळखेल ना,” तो माणूस म्हणाला.

स्वेटर घेताना त्याची बोटं लागली. गोदामातल्या खोक्यांवर बर्फ धरतं, तशी खरखरीत गार. कामगाराचा हात कोपरापर्यंत बधिर झाला. काहीतरी आठवतंय असं त्याला वाटलं, अगदी ओठांवर आलेलं. पण डोळे मिटले ते मिटलेच.

विमान उतरलं तेव्हा उजाडलं होतं आणि खिडकीकडची जागा रिकामी होती. स्वेटर नव्हता. त्याने सीटखाली पाहिलं, मागे पाहिलं, मग हवाई सुंदरीला विचारलं.

“तिथं कुणी नव्हतं, काका,” ती जांभई आवरत म्हणाली. “पट्टा तर अजून घडीत आहे, बघा ना.”

विक्रेता मानेची उशी सोडवत पुटपुटला, “मी उठलोच नाही रात्रभर. मला ओलांडून कोण जाणार?”

कामगाराने खिडकीकडे पाहिलं आणि रात्री ओठांवर आलेलं नाव त्याला एकदम सापडलं. त्याने ते उच्चारलं नाही. सामान घेऊन तो जवळजवळ पळतच बाहेर आला. कोट काढून हातात घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

कठड्यापलीकडे बायको उभी होती. तिच्या कडेवरून लेक खाली उतरली आणि धावत सुटली. “बाबा! बाबा!” त्याने बॅग टाकली, गुडघ्यांवर बसला, हात पसरले. ती त्याच्या शेजारून निघून गेली. मागे कोणी नव्हतं. ती मोकळ्या जागेत थांबली आणि कुणाचं तरी बोट धरल्यासारखा हात वर करून हसत परत आली.

“लाजतेय हो,” बायको डोळे पुसत म्हणाली. “होईल सवय. स्वेटर कुठाय?”

त्याने खाली टाकलेली बॅग उचलली.

टॅक्सीत बायको एका बाजूला बसली, लेक मधे. तो दुसऱ्या दाराने शिरायला लागला, तर लेकीने इवलासा हात आडवा धरला.

“काका, तुम्ही पुढे बसा ना,” ती समजूत घालत म्हणाली. “इथं बाबा बसलेत.”

तो पुढे बसला. गाडी निघाली. मागून फक्त लेकीचा पेंगुळलेला आवाज येत होता, आणि आरशात तिचं बोट दिसत होतं, खिडकीकडच्या रिकाम्या जागेवर वरून खाली सरकणारं.

“एक पिवळा... दोन पिवळा...”