मागाच्या खडखडाटात

इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात त्या दिवशी दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून सौरव माझ्या बाकावर येऊन बसला. सांबरा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. बोलायला कमी, हसायला लई गोड. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला, ‘ॲप्रिहेन्सिव्ह’. तो हळूच झुकला... “म्हणजे घाबरट?”

“न्हाय रं. साप दिसल्यावर वाटतं ती नुसती भीती. पुढच्या गवतात साप असंल का, म्हणून पाऊल अडतं ना — त्याला हा शब्द.”

“मग तुझ्याशी बोलायच्या आधी मला रोज हेच होतंय गं,” तो म्हणाला आणि फळ्याकडे बघत बसला. मी बाई दिवसभर तरंगतच होते.

पण पुढं? भुरभुर पावसात एका छत्रीतून आमच्या वडगावच्या कोपऱ्यापर्यंत येणं झालं, चोरून बघणं झालं... मुद्द्याचं मात्र अवाक्षर न्हाय. शेवटी मीच सांगितलं, रविवारी बोरगावची माणसं मला बघायला येणार आहेत. त्यावरही हा गप्प! असा राग आला मला.

शनिवारी दुपारी पठ्ठ्या आमच्या दारात हजर, त्याच्या आक्कासाठी साडी घ्यायच्या निमित्तानं. घरात माग धडधडत होते. एकावर आप्पा, एकावर आई. या आवाजात कुणाला काय ऐकू जातंय, असं समजून त्यानं माझ्याकडे बघत मनातलं एकदाचं बोलून टाकलं.

“भाग्या, तू मला लई आवडतेस. आप्पांना विचारायला आलोय, पण ते न्हाय म्हणाले तर... तोंडच उघडंना.”

विणकराच्या घरात लहानपणापासून आम्ही एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं ओळखतो, हे त्या सांबरेकराला कुठलं माहीत! माझ्या छातीत मागापेक्षा मोठी धडधड सुरू झाली. आणि आप्पाही त्याच्याच तोंडाकडे बघत होते.

त्यांनी माग थांबवला. आईनंही थांबवला.

“एवढा भ्यालास, तर आलास कशाला?”

सौरव पांढराफटक पडला, पण जागचा हलला न्हाय. “अजून भ्यालोयच, आप्पा. पर उद्या आलो असतो तर उशीर झाला असता.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. लाजबिज बाजूला ठेवून मी मान हलवली. ते वळले, माग सुरू केला आणि त्या खडखडाटात आईला नुसत्या ओठांनी म्हणाले, बोरगावकरांना येऊ नका म्हणून कळव, हा पोरगा बरा हाय.

सौरवचा जीव टांगणीला लागलेला. काय म्हणाले गं, काय म्हणाले, म्हणून तो विचारत राहिला.

मी आवाज न काढता, सावकाश, ओठांनीच सांगितलं. त्याला पहिल्याच खेपेला कळलं.