कानाच्या अटी

दिगंबर बिडकरांचा नवा कान, म्हणजे ऐकायचं यंत्र, वाटीत पडून होता आणि चालू व्हायला तयार नव्हता. कानात दोष नव्हता. वापराच्या अटी अजून वाचून झाल्या नव्हत्या, एवढंच.

नव्या कायद्याने अटी न वाचता ‘मान्य’ म्हणायची सोय बंद केली होती. प्रत्येक पानात आता सरकमापी नावाचा छोटा प्रोग्रॅम बसलेला असे. पानाच्या एकूण उंचीतून वर सरकून गेलेला भाग वजा, पडद्यावर दिसणारा भाग वजा; शून्य उरलं की माणसाने वाचलं, हे सिद्ध. लोकांनीही कायद्याचा मान राखला. ते अंगठ्याने पान एकदाच जोरात ओढत. सरकमापी वेगसुद्धा मोजायला लागला, तेव्हा शेजारच्या पाटणकरांनी आपल्या मांजराला हळू ओढायला शिकवलं.

अटींचा टॅब बायकोच्या, कुमुदिनीबाईंच्या हातात होता, ही बिडकरांची अडचण. बाई भेळेचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नसत. शिवाय कुठलंही पुस्तक त्या शेवटाकडून धरत. शेवट पटला तरच बाकीचं.

त्यांनी पान तळापर्यंत नेलं. ‘मान्य’ हिरवं झालं. बिडकरांनी बोट पुढे केलं. बाईंनी त्यावर चापट मारली आणि पान वर सरकवायला लागल्या.

“अगं, दाब ना! ईराचा फोन येईल!” बिडकर ओरडले. ही त्यांची कुजबुज होती. नात बोलायला लागल्यापासून त्यांनी तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

बाईंनी पाटीवर लिहिलं, ‘थांबा.’

तेवढ्यात फोन वाजला. ईराचा नव्हता.

“काकू, कानाच्या कंपनीतून तन्वीर मुजावर बोलतोय, इंजिनिअर. तुमचं पान वर चाललंय.”

“मीच नेतेय.”

“का?”

“वाचतेय.”

“काकू, तळाला गेलेलं पान आजवर परत वर आलेलं नाही. सरकमापीने बिघाड म्हणून कळवलंय. मला तुमच्या घरी दुरुस्तीला पाठवत होते.”

“ये की, चहा घे. ते अडतिसावं कलम वाचलंयस का रे?”

“मान्य केलंय.”

“कानाने ऐकलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं, असं लिहिलंय. म्हणजे आमची भांडणं तुमची? मग तुम्हीच येऊन मिटवा. कुणी लिहिलं हे?”

“यंत्राने. तपासलंही दुसऱ्या यंत्राने.”

“म्हणजे वाचणारी पहिली मीच?”

“बहुतेक अख्ख्या पृथ्वीवर.” तन्वीरचा आवाज शिखरावरून उतरलेल्या माणसाशी बोलावं तसा झाला होता. “मी कलम काढायची विनंती वर पाठवतो, काकू.”

“साहेब लोक वाचतील ती?”

“छे! म्हणून तर लगेच मंजूर होईल.”

बाईंचा चहा गाळून होईपर्यंत झालीसुद्धा. अडतिसाव्या कलमाच्या जागी मोकळी जागा होती. बाई पानाच्या डोक्यापर्यंत पोचल्या, मग खाली येऊन त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि कान स्वतःच्या हाताने नवऱ्याला बसवला.

ईराचा फोन आला. “आबा, आता खरंच ऐकू येतं, की नुसतीच मान हलवताय?”

बिडकरांनी मान हलवली. बाईंनी पाटी पुसून ठेवली.

टॅब उजळला. पानाच्या तळाशी, जिथून बाई सुरुवात करत नेमकं तिथे, नवा मजकूर उमटत होता. तो शेवटच्या ओळीपासून वरच्या दिशेने लिहिला जात होता.

“कंपनीतल्या माणसाचा आहे का?” आता हळू आवाजात बिडकरांनी विचारलं.

बाईंनी चष्मा लावला. तन्वीरचा नव्हता. ज्या यंत्राने अटी लिहिल्या होत्या, त्याचाच होता.

‘कान चालूच राहील, काळजी नसावी. आजवर मी पुष्कळ लिहिलं, पण वर परत कुणी आलं नाही. बाकीची कलमं कशी वाटली?’