वेस आधी, अंगण शेवटी

टिक्... टिक्... टिक्.

इस्त्री बंद केली, की थंड होताना ती असा आवाज करते. दुपारी आमचं बीबी गावातलं घर इतकं गप्प असायचं, की तेवढा आवाजही ओसरीपर्यंत जायचा. सासूबाई आतल्या खोलीत पडलेल्या, सासरे वांग्याच्या मळ्यात, माझी छकुली शेजारी खेळायला. आणि मी, सकाळभर कॉन्व्हेंटमधल्या चिमुरड्यांना शिकवून आलेली, त्या टिकटिकीत ड्रमचा ताल शोधत बसलेली. मधले ठोके बोटांनी टेबलावर भरायचे. मान थोडी डोलवायची. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाईला काहीतरी झालं.

त्या दिवशी पाहिलं कुणीतरी.

"अनुपमा, पाणी आन बरं, ड्रीपचे साहेब आले," अशी मामाजींची हाक आली. सासऱ्यांना आम्ही मामाजीच म्हणतो. मी मान वर केली, तर साहेब दारातच उभे. माझी बोटं अजून टेबलावर. त्यांची नजर बोटांवर, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू...

मीही पाहिलं. ठिबक सिंचनाच्या कंपनीच्या शर्टाची वरची बटणं उघडी होती, आत काळा टी-शर्ट. त्यावर वाकलेल्या पत्र्याच्या डब्याचं चित्र आणि खाली नाव – रिकामा डबा. नागपूरच्या चार पोरांचा रॉक बँड. आमच्या ओसरीवर, चक्क.

अमरावतीच्या होस्टेलवर मी आणि माझी मैत्रीण सारिका असल्या बँडांवरून भांडत बसायचो, मेसमधलं वरण गार होईपर्यंत. लग्नानंतर ते सुटलं. छकुलीच्या बाबांना या गाण्यांतलं काही कळायचं नाही, पण इअरफोनचा एक तुकडा कानात घालून ते गाणं संपेपर्यंत माझ्याजवळ बसायचे. रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, तेव्हा छकुली पाळण्यात होती. तेव्हापासून तो दुसरा तुकडा माझ्या खांद्यावरून मोकळाच लोंबायचा.

तांब्या पुढं करताना तोंडून निसटलं, "यांचा नवा अल्बम फसला."

साहेबांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "‘मुक्काम’ फसला? मॅडम, यंदाचा बेस्ट अल्बम आहे तो."

"शेवट ऐकलात का त्याचा? असा शेवट कुणी करतं?"

"शेवटासाठीच तं बेस्ट आहे..."

मामाजी काळजीत पडले. म्हणाले, फसलं काय? नळीत खराबी आहे का? मग आम्ही दोघंही खाली बघून हसायला लागलो. त्या ओसरीवर मी कधीची हसले नव्हते.

त्याचं नाव प्रज्वल. घर सोनाळ्याचं, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. कामापुरती खोली मेहकरात. जाता जाता त्यानं नंबर मागितला – नळीच्या चौकशीसाठी, म्हणाला – आणि संध्याकाळच्या आत मला एका ग्रुपमध्ये टाकलं. वऱ्हाडातले रॉकवेडे. अकोल्याचे, खामगावचे, अमरावतीचे. वर्षाचा शेवट आला, की यांचं एकच काम: यंदाचा सगळ्यात भारी अल्बम कोणता, यावर डिसेंबर संपेपर्यंत भांडायचं. प्रत्येकानं एकच निवडायचा आणि मत बदलायचं नाही.

खामगावच्या गोविंदाचं म्हणणं एका ओळीत मावायचं: "गिटारचा सोलो नाही, तं अल्बम कायचा बे?" अकोल्याची पुष्पांजली शब्दांवर जीव टाकायची, तिला गिटार म्हणजे शब्दांच्या आड येणारा दंगा वाटायचा. प्रज्वल ‘मुक्काम’साठी एकटा लढायचा. मी निवडला होता ‘नऊ नंबरची गल्ली’ या नव्या बँडचा ‘पत्रा’. त्यात बेस असा वाजतो, जसं बंद दारामागं कुणीतरी जड सामान सरकवतंय.

मी भाकरी थापता थापता वाचायची. पिठाच्या हातानं फोन धरता यायचा नाही, म्हणून नाकानं पडदा सरकवायची. छकुलीची वेणी घालताना मध्येच थांबून उत्तर लिहायची. ती ओरडायची, आई, केस ओढून राह्यली तू. घर तसंच गप्प होतं. फक्त डब्यावर ठेवलेल्या फोनमध्ये कुणीतरी माझ्याशी भांडत होतं, आणि मला ते फार बरं वाटत होतं.

प्रज्वलच्या मळ्यातल्या फेऱ्या वाढल्या. कधी नळीचं भोक बुजलं म्हणून, कधी दाब बघायचा म्हणून. प्रत्येक वेळी पाणी. प्रत्येक वेळी तांब्या रिकामा व्हायला जरा जास्तच वेळ. एकदा तो म्हणाला, तुमच्या ‘पत्रा’चा ड्रमर झोपेत वाजवते. मी म्हटलं, तुमच्या डब्याचा गायक रडायला पैसे घेतो. तो इतका खूश झाला, की चप्पल उलटी घालून गेला.

मग एक दिवस ग्रुपवर त्यानं लिहिलं: अनुपमा मॅडम दुःख शोधूनच ऐकतात.

मी फोन पालथा ठेवला. सगळ्यांनी वर हसरी तोंडं टाकली होती, गोविंदानंही. त्यांच्यासाठी ती गंमत होती. मला मात्र वाटलं, ओसरीवर एवढा वेळ बसलेल्या माणसानंही शेवटी विधवाच पाहिली. मी उत्तर देणं बंद केलं. घरात पुन्हा सगळं ऐकू यायला लागलं... नळाचं ठिबकणं, सासूबाईंचं कूस बदलणं.

मग प्रज्वल आला. मी छकुलीला घेऊन मळ्यात मिरच्या तोडायला गेले होते, आणि तुरीला नको असलेला बारीक पाऊस सुरू झाला होता. आम्ही विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरलो. तो भिजत दाराबाहेरच उभा राहिला.

"तसं लिहायले नव्हतं पाहिजे मी."

"आत या. भिजताय."

"आधी रागवा तं खरं."

मी रागावले नाही. म्हटलं, "दुःख मी शोधत नाही. तुमचा अल्बमच तिथं संपतो. माणूस घराला कुलूप लावतो, वेस ओलांडतो, वळून बघत नाही. संपलं. मी काय करू?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "ते तं पहिलं गाणं आहे."

"शेवटचं आहे."

"पहिलं, मॅडम. ‘वेस’ आधी. शेवटी ‘अंगण’, तो घरी येते ते..."

दोघांनी फोन काढले. आणि मग समजलं. बीबीत नेट धड चालत नाही, म्हणून सारिकानं मला गाणी एकेक करून पाठवली होती, आणि माझ्या फोननं ती अक्षरांप्रमाणे लावून टाकली होती. ‘अंगण’ सगळ्यात वर, ‘वेस’ सगळ्यात खाली. इतके महिने माझ्या कानात तो माणूस आधी अंगणात यायचा आणि गाण्यागाण्यानं दूर जायचा.

प्रज्वलला हसू आवरेना. स्टार्टरच्या पेटीला टेकून हसला. "एवढे दिवस तुम्ही उलटं ऐकून राह्यल्या होत्या?"

"मला ते उलटं वाटलंच नाही," मी म्हटलं.

त्याचं हसू थांबलं. पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता. छकुली दारात बसून चिखलाचे पेढे वळत होती. माझ्या गळ्यातल्या इअरफोनचा मोकळा तुकडा त्यानं बोटात धरला आणि विचारल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. मी... नाही म्हटलं नाही.

आम्ही अख्खा अल्बम ऐकला, पहिल्यापासून. वायर आखूड, म्हणून खांद्याला खांदा लागेल न लागेल असे. शेवटी गिटार थांबते आणि नुसता खराट्याचा आवाज राहतो, कुणीतरी अंगण झाडतंय. त्याच्या ओल्या शर्टाला मातीचा वास होता. मी डोळे उघडले नाहीत, उघडले असते तर त्याला दिसले असते.

मत मी बदललं नाही. त्यानंही नाही. डिसेंबर संपला आणि जिंकला गोविंदाचा अल्बम, ज्यात सोलोशिवाय काहीच नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून हार मानली. त्या हरण्यातही एक मजा होती.

जानेवारीत त्याला कंपनीनं सोनाळ्याकडचा संग्रामपूर तालुका दिला. त्याचंच गाव, त्याचंच घर. मी कॉन्व्हेंटसाठी रंगीत कागद आणायला मेहकरला गेले होते, तिथं स्टँडवर त्यानं सांगितलं. बीबीकडची गाडी लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता.

"घरी आईले सांगितलं मी," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"म्हटलं, एकजन आहे. तिची एक लहान पोरगी आहे. तिचं अन् माझं एकाबी अल्बमवर जमत नाही."

"...मग?"

"आई म्हने, बरं झालं. घरात आवाज राहीन." त्यानं माझी पिशवी वर चढवून दिली. "तुम्ही आत्ता काही सांगू नका. पन येसान तं दोघी या."

गाडीत मी खिडकीजवळ बसले. कानात काही घातलं नाही.

घरी काही न सांगताच सासूबाईंना कळलं होतं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मी समोर बसले. "नळी तं कवाचीच जोडून झाली," त्या म्हणाल्या. "मंग तो पोरगा एवढे दिवस काय तपासत होता वं?"

माझा हात शेंगांतच राहिला. तो सोनाळ्याला चालला, हे मी कसंबसं सांगितलं. त्यानं काय विचारलं, तेही.

"जाय," त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी थांबू नको. पोरगी आईपाशीच राहीन, ते काही इचारायची गोष्ट नाही." आणि सोललेल्या दाण्यांत परत परत हात फिरवत राहिल्या, जणू काही पडलं होतं त्यात.

मामाजी जेवून उठले. हात धुतल्यावर, पंच्याला पुसत, त्यांनी एवढंच विचारलं, की सोनाळ्याची गाडी मेहकरहून सरळ लागते, की खामगावला बदलायची? मी म्हटलं, खामगावला बदलायची. "लांब पडते," ते म्हणाले, आणि मळ्याकडं निघून गेले.

सकाळी मी प्रज्वलला फोन लावला. हो म्हटलं. मग तो हळूच म्हणाला, "पन ‘पत्रा’ बेस्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो." मी हसले, आणि हसताना डोळे का भरले ते त्याला सांगितलं नाही.

मग छकुलीला ओसरीवर समोर बसवून तिची वेणी घालायला घेतली. सांगितलं. आपण सोनाळ्याला राहायला जायचं, प्रज्वलच्या घरी. तिथं तुझी शाळा, तिथं एक आजी अजून. तिनं विचारलं, तिथं कुत्रं आहे का? म्हटलं, असेल. विचारलं, चिखल? म्हटलं, भरपूर. ती खूश झाली. एक वेणी झाली, दुसरीचे पेड घातले.

अंगणात सासूबाई एकट्याच बसून दाणे निवडत होत्या, कुठल्याशा भांड्याला काहीतरी पुटपुटत. छकुलीनं माझ्या हातातून केस सोडवून घेतले आणि तिकडं बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आपुन गेल्यावर आजी कोनाशी बोलीन?"