बगळा, खंड्या आणि एक चिन्ह

"पक्ष्यांच्या नोंदी तुमच्याच ना? माफी मागायला आलोय. मी त्या पुसल्या."

माझ्या टेबलाशी विस्कटल्या केसांचा, उंचेला मुलगा उभा. वरच्या मजल्यावरचा नवा प्रोग्रॅमर. माझा कप ओठांशीच थांबला.

"प्रतीवर पुसल्या," तो घाईने म्हणाला. "मूळ पानं शाबूत आहेत... पण चारपर्यंत साफ झाली नाहीत, तर नव्या साइटवर जाणार नाहीत."

नोंदी बाबांच्या. वीस वर्षं तळ्याकाठी बसून लिहिलेल्या, मी ऑफिसच्या साइटसाठी एकेक टाइप केलेल्या. तीन हजार पानं. त्यांत जागोजागी जुन्या साइटच्या खुणा, कंसांत अडकलेल्या. तेवढ्याच काढायच्या होत्या.

"दाखवा, काय लिहिलंत."

त्याने लॅपटॉप सरकवला. शोधून काढून टाकायचा नमुना, एका ओळीचा. मी वाचला आणि मला हसूच आलं.

"हावरट आहे हो तुमचा नमुना. पहिला कंस उघडला की पार शेवटचा कंस मिटेपर्यंत गिळत सुटतो. मधला बगळा, खंड्या... सगळे पोटात."

"मग काय करायचं त्याचं?"

"अडवायचं. पहिला कंस मिटला की थांब म्हणायचं." मी एकच चिन्ह घातलं. "चालवा आता. प्रतीवरच."

खुणा गेल्या. खंड्या आपल्या जागी बसलेला. मुलगा मात्र पडद्याकडे बघतच नव्हता – माझ्याकडे बघत होता.

"कुठे शिकलात?"

"याच खुर्चीत. तीन वर्षं रोज हेच करते. कुणी विचारलं नाही... मी सांगितलं नाही."

चारच्या आत सगळी पानं नव्या साइटवर गेली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे!"

"माझ्या हातून पानं कोरी झाली होती, साहेब," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "नमुना यांचा आहे."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप ताठ झाली. मी लगेच घरी फोन लावला.

"बाबा, तुमचे पक्षी पोचले. मी पोचवले."

पलीकडून बाबांनी लगेच विचारलं, "खंड्यापण?"

जिन्यात तो थांबला होता.

"आज आईला सांगणार आहे, ऑफिसात एक मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे. ती विचारेल, मग पुढे काय..."

"मग?"

"पुढचं मला एकट्याला सांगता येणार नाही."

खिडकीतून वारा आला, त्याचे केस आणखीच विस्कटले. मी कठड्यावर, त्याच्या हाताशेजारी हात ठेवला.

"सांग," मी म्हटलं, "त्या मुलीलाही तू आवडतोस म्हणून."