जे चढलंच नाही

जावईबापू, एक विचारतो, घाई न करता सांगा. विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा? माल देणाऱ्यावर, पाजणाऱ्यावर, की पिऊन डोळे मिटणाऱ्यावर?

मी शाळेत फार शिकलो नाही, तराजूने शिकवलं तेवढंच. मुळ्या, साली, वाळलेली फुलं विकण्यात चाळीस वर्षं गेली. एकाने तर माझ्याच दुकानातला ज्येष्ठमध नेऊन आठ दिवसांनी मलाच चढ्या भावाने विकला. मी हसलो, त्याला चहा पाजला. पण आज सांगतोय त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नाही. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं एक गिऱ्हाईक होतं. लोक त्याला बैठकवाला म्हणत. फर्निचरच्या कारखान्यावरचा हॉल त्याने भाड्याने घेतला होता. दर रविवारी दुपारी पडदे ओढायचे, जमिनीवर गाद्या टाकायच्या आणि ज्यांचं कुणी गेलंय त्यांना जंगली अळंबीचा काढा पाजायचा, हा त्याचा धंदा. काढा चढला की गेलेली माणसं भेटायला येतात, सहा तासांनी उतरला की परत जातात, असं तो सांगे. अळंबी मी पुरवायचो. पिणारे खुळे, पाजणारा लबाड आणि मी दुकानदार. तिघांचंही बरं चाललं होतं.

मग त्या गाद्यांवर आमच्या वहिनी जाऊन बसल्या. दादा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"वहिनी, त्या कपात काय असतं ठाऊक आहे? माल माझा असतो."

"मग चांगलाच असणार," त्या म्हणाल्या.

तोंडात मारल्यासारखं झालं. तेव्हाच ठरवलं, हा बाजारच उठवायचा. भाजीचे साधे मशरूम आणले, पातळ चिरून वाळवले, कोऱ्या चहात बुचकळून काळे केले आणि चवीला एक कडू मूळ कुटून घातलं. रविवारी पुडा घेऊन मी स्वतःच गेलो. कुणालाच काही दिसणार नाही, लोक बैठकवाल्याची गचांडी धरतील आणि वहिनी घरी येतील, असा माझा सरळ बेत होता.

"बसा की शेठ. घ्या एक कप, रोज नुसतंच वजन करता," बैठकवाला म्हणाला.

घेतला. भ्यायचं कशाला? भाजीचं पाणी तर होतं.

सात गाद्यांवर सात माणसं होती. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती. खालून रंधा ओढल्याचा आवाज आणि भुशाचा वास येत होता. अर्धा तास गेला. आता जांभया सुरू होतील म्हणून मी वाट पाहत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातला घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा जरासा सरकला. बाकावर शेजारी कुणी आलं की आपण सरकतो ना, तसा. मग एक बाई सरकल्या, मग त्यांच्या पलीकडचा. एकेक करत सगळे सरकले, सर्वांत शेवटी वहिनी. आणि जावईबापू, जिथे जिथे जागा झाली, तिथे तिथे गादी हळूहळू खाली दबत गेली... खालचा रंधा थांबला होता. भुशाचा वासही उरला नव्हता. शेवटच्या महिन्यात दादाच्या खोलीत यायचा तो वास होता, चोळायच्या तेलाचा आणि बंद खिडकीचा...

मला भीती नंतर वाटली, आधी राग आला. उठलो आणि पडदा ओढून खाली पाडला.

"बंद करा हा तमाशा. माल मी दिलाय. भाजीचे मशरूम आहेत ते. कुणाला काहीही चढलेलं नाही."

एकाही माणसाने वळून पाहिलं नाही. भर उन्हात गाद्या तशाच दबलेल्या होत्या. बैठकवाल्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मला दंडाला धरून त्याने जिन्यात नेलं.

"सगळा माल... साधा?"

"सगळा."

"शेठ, ती माणसं जातात, कारण काढा उतरतो." त्याचा आवाज खोल गेला होता. "चढलंच नाही... तर उतरणार काय?"

मी त्याची कॉलर धरली. "धंदा तुझा, आता निस्तर तूच." कॉलर सोडवून तो अनवाणीच जिना उतरला, तो आजतागायत दिसला नाही.

वहिनींना टॅक्सीने घरी आणायचं ठरवलं. मी त्यांच्या शेजारी बसायला गेलो, तर म्हणाल्या, "भावजी, तुम्ही पुढे बसा."

याला आठ महिने झाले. वहिनी सुकत चालल्यात. ताटातलं अर्धं बाजूला काढून ठेवतात आणि ते तसंच वाळून जातं. एकदा मी खरी अळंबी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, ही घ्या, चढू दे, उतरू दे, आणि जे आलंय ते जाऊ दे.

"मला कुठे काय चढलंय, भावजी? तुम्हीच तर सगळ्यांसमोर सांगितलंत."

मी अळंबी उचलून परत डब्यात टाकली. आता राग काढू कुणावर? रोज दुपारी त्यांच्या दाराबाहेर उभा राहून दातओठ खातो. "दादा, सोड वहिनींना. पुरे झालं तुझं." आतून खाट तेवढी करकरते.

परवा वहिनी दुकानामागच्या, मुळ्या कुटायच्या खोलीतून बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवर भुकटीचा पंजा उमटला होता. डाव्या हाताचा. मी दोनदा मोजली, बोटं पाच होती. दादाची डावी करंगळी पाला कापायच्या यंत्रात तुटली, तेव्हा रुमालात गुंडाळून दवाखान्यात मीच नेली होती. ती परत जोडता आली नाही.

"वहिनी, हा हात दादाचा नाही."

त्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "ठाऊक आहे. हळू बोला... त्याला वाटतंय, मला कळलेलं नाही."

जावईबापू, उद्यापासून दुकान तुमचं. त्या रविवारी मी वहीत 'अळंबी, अस्सल' असं लिहिलं, ते अजून तसंच आहे. तुम्ही मात्र डब्यात जे असेल तेच लिहा. आणि घरात माणसं किती, तोही हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. मला तो जुळत नाही.